सहा मुलांपुरती जमीन

१२ जानेवारी, सोमवार, दुपार

ताई,

नमस्कार लिहीत नाहीये. रागात केलेला नमस्कार पोचत नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आणि गुलाबी कागद बघून नाक मुरडू नकोस. घरात पांढरा कागद सापडला नाही. गुलाबी, पोपटी, चंदेरी गठ्ठ्यांनी आहेत, आणि ते का आहेत यावर तू नऊ वर्षं मला पुरेसं ऐकवलं आहेस.

आज सकाळी दहाला परवान्याच्या ऑफिसातून तपासणीवाली बाई आली. न कळवता. मुलं दूध प्यायला बसली होती, गुंड्याने अर्धा पेला स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतला होता, आणि ही दारात उभी, हातात वही. म्हणाली, "तुमच्या पाळणाघराबद्दल तक्रार आली आहे." कुणाची ते सांगणार नाही म्हणे. सांगायला कशाला हवं? माझ्या घरात काय कुठे ठेवलंय हे इतकं बारकाईने दोघांनाच ठाऊक. एक तू, दुसरे तुझे मेहुणे. आणि त्यांना स्वतःची चप्पल कुठे आहे तेही मला विचारावं लागतं.

बाई थेट मुलांच्या झोपायच्या खोलीत गेली. थेट! कपाटाच्या वर काय आहे ते पाहिलं, पलंगाखाली वाकली, न्हाणीघरातल्या टबात रंगीत चेंडू भरलेत तेही बघून आली. मग पर्समधून मोजपट्टी काढली. तुला नियम पाठ आहे, मुलांना हिंडायला मोकळी जमीन जेवढी तेवढीच मुलं ठेवता येतात. आपण सुरू केलं तेव्हा आठांची परवानगी होती आणि आपण सहावर थांबलो होतो. या बाईने खेळण्यांच्या या फळीपासून त्या फळीपर्यंत मोजलं. मी म्हटलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा की. तर म्हणते, "मुलं फळ्यांवरून चालत नाहीत हो." आणि आमची पोरं बघ, एवढी महागामोलाची खेळणी सोडून सगळी तिच्या मोजपट्टीमागे रांगेत! जुळ्यांनी तर तिचं टोक धरून दिलं. फितूर कुठले.

शेवटी वहीत लिहिलं, चार. सहाची चार मुलं. पंधरा दिवसांत जागा मोकळी करा, नाहीतर दोघांना काढा, मी परत येऊन मोजणार. जाता जाता कोपऱ्यातला एक खोका उचलून वाचला, "पाच वर्षांवरील मुलांसाठी." मला विचारते, "तुमच्याकडे सगळी तिनाच्या आतली ना? मग हे कुणासाठी?" मी म्हटलं, मुलं वाढतात, बाई. तिने वहीत आणखी काहीतरी लिहिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, ताई. आठ महिन्यांपूर्वी तू मला न विचारता माझ्या घरातला खोका उचललास, दुकानात परत दिलास आणि त्याच संध्याकाळी मुलाकडे राहायला निघून गेलीस. लाकडी स्वयंपाकघर होतं ते, छोट्या शेगडीसकट. "तुझा हात आखडता होईल तेव्हा बोलव," हे दारातलं तुझं शेवटचं वाक्य. नऊ वर्षं एकत्र लंगोट बदलले, आणि निघताना एवढंच! तेही मी गिळलं. पण ऑफिसात तक्रार? सख्ख्या बहिणीची?

तुला वाटतं मला हौस आहे. पलीकडच्या रस्त्याला नवं पाळणाघर निघालंय, हॉलमध्ये घसरगुंडी आहे, भिंतीवर जंगल रंगवलंय. आया येतात त्या माझ्याकडे बघत नाहीत, फळ्यांकडे बघतात. फळ्या भरलेल्या दिसल्या की मग मूल माझ्या हातात देतात. हे तुला कधीच कळलं नाही.

बाकी सगळं ठीक. ठमीला मागच्या आठवड्यात जरा खरचटलं, पण लहान मुलांचं ते चालायचंच.

उत्तराची वाट बघत नाही.

धाकटी

१७ जानेवारी, शनिवार

ताई,

वाट बघत नाही म्हटलं म्हणून खरंच लिहायचं नाही का गं?

ठरवलं मी. चार तर चार. माझं घर कसं लावायचं ते ऑफिसने मला शिकवू नये. सगळ्यात शेवटी आलेली दोघं काढायची, म्हणजे तक्रारीला जागा नाही. एक म्हणजे सात महिन्यांचं बाळ, आणि दुसरा भोंगा. भोंगा तुला माहीत नाही, तू गेल्यावर आला. दीड वर्षाचा आहे, रडायला लागला की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन बघून जातात. त्याचा बाप बस चालवतो. घरात दोघंच. सकाळी सहाला अर्धवट झोपेतलं मूल माझ्या खांद्यावर टाकतो आणि पळतो.

काल त्याला सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल, भांडेल, मीही तयारीत होते. तो फक्त म्हणाला, "कधीपासून?" मी म्हटलं, सत्तावीसपासून. "बरं," म्हणाला आणि भोंग्याचे बूट घालायला बसला. उजवा डाव्या पायात घातला, मग काढला. भांडला असता तर बरं झालं असतं. माझा दिवस फुकट गेला त्या "बरं"पायी.

आणि मी प्रयत्न करत नाही असं म्हणू नकोस. परवा मी तीन खोके घेऊन दुकानात गेले, परत करायला. शिक्काबंद, हातही न लावलेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, पैसे परत मिळत नाहीत, बदल्यात दुसरं काही घ्या." मग काय करणार? घेतलं. एक झोका घेतला, एक वाळूचा संच, बोटांनी फासायचे रंग, आणि एक घंटांची माळ, फार गोड वाजत होती. तिनाच्या बदल्यात चार खोके घेऊन आले. वर थोडी भरही घातली. दारात हे उभे होते. नुसते बाजूला झाले. कसाबसा एकजण जाईल एवढीच वाट आहे आता तिथे.

तू असतीस तर हसली असतीस. मग ओरडली असतीस. मी बाईला कसं तोंड दिलं, दुकानात काय झालं, हे सगळं मी हल्ली भांडी घासताना मनातल्या मनात तुलाच सांगते, आणि मनातल्या मनात तू वाट्टेल ते बोलतेस, आणि मग मला प्रत्यक्षात राग येतो. हे काय आयुष्य आहे?

ठमी आठवडाभर आली नाहीये. सर्दी असेल.

धाकटी

२३ जानेवारी, शुक्रवार

ताई,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. आठ महिन्यांनी चार ओळी, आणि त्याही अशा!

"तक्रार मी केली नाही. ठमीच्या आईने फोन करून विचारलं, करू का, तर मी कर म्हणाले. मुलं काढतेस आणि खोके ठेवतेस? ठमीचा डोळा कसा आहे?"

कर म्हणालीस! म्हणजे हात तुझा नाही, पण जीभ तुझी. मी कार्ड फाडलं, मग तुकडे जोडून परत वाचलं. तुला एकदा मला फोन करवला नाही? त्या बाईचा फोन आला त्या मिनिटाला मला फोन करून "काय गं, काय केलंस हे?" असं ओरडावंसं वाटलं नाही? शेजारणीला, दूधवाल्याला, जगाला तोंडावर बोलतेस, आणि माझ्याच वेळी तुझी वाचा बसते. आधी गुपचूप खोका उचलून नेलास, आता गुपचूप "कर" म्हणालीस. मला ओरड की! मी काय काचेची आहे?

बरं. तुला सगळं कळलंच आहे, तर माझ्या तोंडून ऐक. दुसऱ्या कुणी सांगितलेलं तू माझ्याआधी ऐकलंस हेच मला सहन होत नाहीये.

पाच तारखेला दुपारी सगळी झोपली होती. मी हॉलमध्ये नवी फळी लावत होते, जुन्या फळ्यांत जागा उरली नव्हती. आत धपकन आवाज आला. कपाटावर सात खोके एकावर एक होते, त्यातला सगळ्यात वरचा, लाकडी आगगाडीचा, ठमीच्या गादीवर पडला होता. कोपरा तिच्या भुवईवर. ती रडलीच नाही आधी. माझ्याकडे बघत राहिली, आणि एक डोळा रक्ताने मिटलेला. पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाला, बोटभर खाली लागतं तर डोळा गेला असता. ठमीची आई दवाखान्यात नर्स आहे, तिला सगळे सिस्टर म्हणतात, ती ड्यूटी टाकून धावत आली. आणि मी तिला म्हटलं, "टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली."

हो. म्हटलं. विचार न करता म्हटलं, आणि मग मागे घेता येईना. वर हेही म्हटलं की मी डोळ्यांत तेल घालून असते, पण ती फार पळते. झोपलेल्या मुलीबद्दल म्हटलं मी हे, ताई.

त्याच रात्री ठमीने घरी सांगितलं. अडीच वर्षांची आहे, अजून वाक्य धड येत नाही, पण तेवढं नीट म्हणाली. "खोका पडला." मग सिस्टरने तुला फोन केला. जुनी ओळख तुझी, ठमीच्या मोठ्या भावाला तूच तर झोपवायचीस मांडीवर.

तर आता कळलं तुला. आणि एवढं झाल्यावर कुठल्याही शहाण्या बाईने त्याच संध्याकाळी घर रिकामं केलं असतं. मी काय केलं? खोके कपाटावरून काढून पलंगाखाली सारले, आणि पलंगाखालचे न्हाणीघरात. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ठमीसाठी मोठी कापडी बाहुली घेतली. ती घेऊन सिस्टरच्या दारात उभी राहिले. तिने दार उघडलं, बाहुलीकडे बघितलं, "ठमी खोका म्हणते," म्हणाली आणि दार लावलं. तेव्हा मला तिचाच राग आला. आज लिहिताना लाज वाटते, पण आला होता.

आज सकाळी भोंग्याच्या बापाला थांबवलं. म्हटलं, भोंगा कुठे जाणार नाही, मी जागा करते. तो म्हणाला, "मावशी, मी दुसरीकडे विचारलं होतं, कुणी सहाला दार उघडत नाही." एवढंच.

तुझा राग आहेच मला. पण खोके काढते.

धाकटी

२८ जानेवारी, बुधवार

ताई,

काढले. रविवारी आणि सोमवारी दोघं मिळून, मी आणि हे. तुझे मेहुणे तर अंगात आल्यासारखे कामाला लागले, माळ्यावर चढले, धूळ खाल्ली, शिंकत होते आणि गात होते. या माणसाला एवढा आनंद माझ्या हातचं जेवून कधी झाला नसेल. मला त्याचाही राग आला. इतकं खुपत होतं तर बोलायचं होतं ना! सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं ठरवलं होतं का माझ्या घरात?

आधी सामान काढलं. डिंकाच्या चोवीस बाटल्या, त्यातल्या अर्ध्या वाळून दगड झालेल्या. खडूंच्या पेट्या एकतीस. चमकी इतकी की सगळ्या रस्त्याला पुरेल, आणि तिनाच्या आतली मुलं ती खातात म्हणून मीच कधी वापरत नव्हते. ओले रुमाल सुकून गेले होते. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले, बारा गठ्ठे. शिव्या देत होते आणि पिशव्या भरत होते.

मग खेळण्यांचे खोके. हे एकेक खाली देत होते आणि वरचं मोठ्याने वाचत होते. चार वर्षांवरील. पाच वर्षांवरील. सहा. मी म्हटलं, थांबा जरा. दुर्बीण हातात आली होती. मला आठवलं, ती मी घेतली तेव्हा चष्मेवाला प्रोफेसर नुकताच शाळेत गेला होता. आपला प्रोफेसर, जो खिडकीतून तासन्तास कावळे बघायचा. त्याचं इथलं येणं बंद झालं त्या आठवड्यात घेतली होती. मग मण्यांची पेटी, ती लांब वेणीवाली गेली तेव्हा. आगगाडी घेतली ती ठमीचा मोठा भाऊ गेला तेव्हा. मी एकेक खोका मांडीवर घेऊन सांगत गेले, हा कुणाचा, तो कुणाचा. एकही चुकला नाही. नंतरही दरवर्षी त्यांच्यासाठी थोड्या थोड्या मोठ्या वयाचे खोके घेत गेले मी. ती मुलं आता ज्या वयाची आहेत, त्या वयाचे.

हे माळ्यावरून खाली उतरले आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "अगं, ती परत येणार नाहीत खेळायला." मी म्हटलं, माहीत आहे मला, मी काय वेडी आहे? आणि मग खूप रडले. दहा वर्षांत मुलं जाताना एकदाही रडले नव्हते. तू रडायचीस दर वेळी दारात पदर लावून, आणि मी तुला हसायचे. मी दुकानात जायचे.

ते स्वयंपाकघर तू परत केलंस, तेही कुणासाठी होतं ते मला आता आठवलं. तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना? कळलं होतं तर सांगायचं होतं. त्याचा राग मी सोडणार नाही.

शिक्काबंद सगळं टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात दिलं. उघडलेलं आजूबाजूच्या पाळणाघरवाल्या तिघींनी वाटून घेतलं, त्यांच्याशी ठरवलंय, महिन्याला फिरवाफिरवी करायची, नवं आणायचं नाही. त्यात ती घसरगुंडीवालीही आहे. तिच्या घसरगुंडीवर म्हणे गेले दोन महिने कपडे वाळत घालतात.

काल बाई आली. मोजलं. या वेळी भिंतीपासून भिंतीपर्यंत, कारण मध्ये काही नव्हतंच. वहीत लिहिलं, सहा. वर मला "छान" म्हणाली, मी जशी पहिलीत आहे. मुलं रिकाम्या खोलीत नुसती धावत होती. भोंगा पहिल्यांदा चार पावलांहून जास्त चालला. त्याला आजवर चालायला जागाच नव्हती, आणि मी त्याच्या बापाला सांगत होते की डॉक्टरला दाखवा.

सहांची परवानगी आहे. मुलं पाच आहेत. रविवारी सिस्टरकडे जाते. हात जोडते आणि खरं सांगते.

धाकटी

१ फेब्रुवारी, रविवार, दुपारी साडेबारा

ताई,

सिस्टरच्या घराच्या कोपऱ्यावर एक बाक आहे, तिथे बसून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर वाच तसंच.

गेले होते. रिकाम्या हातांनी. सगळं सांगितलं, खोका, फळी, टेबल, सगळं. जागा मोकळी केली, हवं तर येऊन बघा म्हटलं. तिने ऐकून घेतलं, पाणीही दिलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मावशी, खोका पडला यासाठी मी तक्रार केली नसती. वस्तू पडतात. तुम्ही टेबल म्हणालात. मी त्या रात्री माझ्या मुलीला ओरडले, पळतेस कशाला म्हणून. ती खोका म्हणत होती आणि मी तिला खोटं बोलू नकोस म्हणत होते."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

ठमी आतून आली, माझ्या मांडीवर चढून बसली, जसं काही झालंच नाही. भुवईवर गुलाबी रेघ आहे. केस वाढलेत. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग सिस्टर म्हणाली, "चल बाळा, मावशीला टाटा कर." तिला उद्यापासून दुसरीकडे ठेवणार आहेत. घसरगुंडीवालीकडे नाही, सिस्टरच्या नणंदेकडे. म्हणजे कायमचंच.

खाली उतरले आणि घराकडे वळण्याऐवजी इकडे वळले. बाकासमोर खेळण्यांचं दुकान आहे. ते मला माहीत नव्हतं, शपथ. पाय आपोआप आले. काचेत डॉक्टरची पेटी आहे, गळ्यात घालायची नळी, छोटी सुई, पट्ट्या. तीन वर्षांवरील. एप्रिलमध्ये ती तीनची होईल. पर्स मांडीवर आहे. दोनदा उठले आणि दोनदा बसले. मग वही काढली आणि तुला लिहायला लागले. आत जायचं नाही म्हणून लिहितेय, दुसरं काही कारण नाही. रविवारी दुकान एकला बंद होतं, पाटी आहे. तेवढा वेळ मला धरून ठेव.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. मी खोटं बोलले, ते माझं. पण तू दर वेळी मला माझ्या हालावर सोडून निघून गेलीस, ते तुझं. खोका न्यायच्या आधी माझा हात धरून "कोण गेलं गं आज?" एवढं विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? तुला ठाऊक होतं. या घरात तुलाच एकटीला ठाऊक होतं.

दुकानदार बाहेर आलाय. अर्धं शटर खाली घेतलं आणि मला विचारतोय, "बाई, काही हवंय का? मघापासून बसलायत." मी मान हलवली. नको. त्याने शटर पूर्ण ओढलं, कुलूप लावलं, आता सायकलवर बसून गेलासुद्धा.

मी बाकावरच आहे.

उद्या सकाळी सहाला भोंगा येईल. एकटीने जमत नाही मला, ताई, मुलं तर नाहीच, आणि ती गेल्यावर तर मुळीच नाही. तू ये. भांडायलाच ये. आणि येताना मुलांसाठी काहीही आणू नकोस.

धाकटी